स्नायूंतील प्राणवायूचे कोठार : मायोग्लोबिन

मासळीबाजारात नित्य जाणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट चांगली परिचित असते. पापलेट कापले की त्याचे मांस पांढरेशुभ्र दिसते. बांगडा कापला तर दोन्ही बाजूंना, कातडीच्या लगत, तांबूस काळसर मांसाची एक पट्टी आढळते. आणि कुपा, म्हणजे ट्यूना, चिरला तर त्याचे मांस बकऱ्याच्या मांसासारखे लाल असते. कोंबडीच्या बाबतीतही असाच भेद दिसतो. तिच्या मांडीचे मांस गडद, तर छातीचे फिकट असते. उलट, दिवसभर उडत राहणाऱ्या पारव्याच्या छातीचे मांस गडद असते. हा भेद रक्तामुळे पडत असावा, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. स्वच्छ धुतलेल्या मांसातून जे तांबडे पाणी सुटते, त्यातही रक्त जवळजवळ नसते. या लालीचे खरे कारण म्हणजे स्नायूंच्या पेशींमध्ये असणारे ‘मायोग्लोबिन’ नावाचे प्रथिन होय.

हे प्रथिन म्हणजे स्नायूंनी आपल्यापुरते बाळगलेले प्राणवायूचे छोटेसे कोठार आहे. जोवर ते आपल्या जागी आहे, तोवर त्याच्यासारखा इमानी सेवक नाही. परंतु काही प्रसंगी स्नायू चिरडले जातात, कोठाराच्या भिंती फुटतात, आणि हेच प्रथिन रक्तात उतरून मनुष्याच्या जिवावर उठते. भिंत, दरड किंवा इमारत कोसळलेल्या ठिकाणी सर्वप्रथम धावून जाणारे लोक बहुधा शेजारीपाजारी आणि गावकरी असतात. त्यांना या गोष्टीची माहिती असणे किंवा नसणे, यावर एखाद्याचा प्राण अवलंबून राहू शकतो. म्हणून या विषयाचा परिचय येथे थोडा विस्ताराने करून देण्याचे योजिले आहे.

वाहक आणि कोठारी

श्वासावाटे फुप्फुसांत आलेला प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम रक्तातील हीमोग्लोबिन करते, हे शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. मायोग्लोबिन हे त्याचेच एक भावंड म्हणता येईल. ग्रीक भाषेत ‘मायो’ म्हणजे स्नायू. त्यावरून त्याला हे नाव मिळाले. हीमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, आणि प्रत्येक साखळीत ‘हीम’ नावाचा एक गट व त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. मायोग्लोबिनची साखळी एकच, हीम एकच आणि लोहाचा अणूही एकच. प्राणवायूचा रेणू येऊन बसतो तो या लोहाच्या अणूवर. सुमारे १५० ॲमिनो अम्लांची ही साखळी त्या एका अणूभोवती अशा रीतीने घड्या घालून बसलेली असते की, प्राणवायूला आत येता यावे, परंतु लोहाला गंज मात्र चढू नये.

‘गंज’ हा शब्द येथे केवळ अलंकारासाठी वापरलेला नाही. मांस शिजवले म्हणजे प्रथिनाच्या घड्या उलगडतात, लोहाचे संरक्षण नाहीसे होते आणि त्याचे ऑक्सिडीकरण होते. तांबडे मांस शिजल्यावर तपकिरी दिसते ते याच कारणाने.

दोन्ही प्रथिने प्राणवायूच धारण करीत असली, तरी त्यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. फुप्फुसांत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर इतका असतो. तेथे हीमोग्लोबिन प्राणवायूने पुरते भरून जाते. दाब सुमारे २६ मिलिमीटरपर्यंत उतरला की ते निम्मे रिकामे होते. याउलट, मायोग्लोबिन निम्मे रिकामे होण्यासाठी दाब सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत खाली यावा लागतो. याचा अर्थ असा की, हीमोग्लोबिन सढळ हाताने देणारे आहे, तर मायोग्लोबिन मुठी घट्ट आवळून बसणारे आहे. रक्त स्नायूंजवळ आले की हीमोग्लोबिनने सोडलेला प्राणवायू मायोग्लोबिन ताबडतोब उचलते आणि खरी निकड भासेपर्यंत तो हातचा सोडत नाही. पेशीतील प्राणवायू अगदी संपत आला, म्हणजेच ते आपली मूठ उघडते.

अशी निकड हृदयाला तर प्रत्येक ठोक्याला भासते. हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो, त्या क्षणी त्याच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि त्याच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यात खंड पडतो. त्या क्षणभराची तूट मायोग्लोबिन भरून काढते. ही शिल्लक काही सेकंदांपुरतीच असते. परंतु हृदयाला गरजही तेवढ्याचीच असते.

या प्रथिनाविना प्राणी जगूच शकणार नाही काय, असा प्रश्न पुढे आला. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी मायोग्लोबिन मुळीच नसलेले उंदीर निपजविले, तेव्हा ते उंदीर जगले आणि धावले-खेळलेही. पुढील संशोधनात असे दिसून आले की, त्यांच्या हृदयाने केशवाहिन्यांची संख्या वाढवून व रक्ताचा ओघ वाढवून ही उणीव भरून काढली होती. कोठार नसलेल्या घराने बाजाराच्या फेऱ्या वाढवाव्यात, तसाच हा प्रकार. निसर्ग पर्याय शोधतो; पण त्याचे मोल त्याला दुसऱ्या मार्गाने मोजावे लागते.

देवमाशाचे मांस आणि विज्ञानाचा विजय

मायोग्लोबिनचा साठा किती वाढू शकतो, हे पाहावयाचे असेल तर समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांकडे वळले पाहिजे. स्पर्म जातीचा देवमासा एका श्वासावर तासभर पाण्याखाली राहू शकतो आणि हजार मीटरहूनही खोल जातो. त्याचे मांस इतके गडद असते की ते जवळजवळ काळे दिसते. दक्षिण ध्रुवाजवळच्या वेडेल सीलच्या स्नायूंतही मायोग्लोबिनचे प्रमाण मनुष्याच्या सुमारे दहा पट असते. इतक्या दाटीवाटीने भरलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या कशा होत नाहीत, याचा उलगडा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने केला. बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनवर धन विद्युतभार अधिक असतो आणि समान भार एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे गर्दीतही प्रत्येक रेणू सुटा राहतो.

याच देवमाशाच्या मांसाने विज्ञानाच्या इतिहासात एक मोठे दालन उघडले. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ जॉन केंड्र्यू हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या वैज्ञानिक कामावर होते. त्या कामानिमित्त ते तत्कालीन सिलोनमध्ये असताना त्यांची जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञाशी गाठ पडली, आणि प्रथिनांची रचना शोधण्याचा ध्यास त्यांच्या मनाने घेतला. युद्ध संपल्यावर त्यांनी मॅक्स पेरुत्झ यांच्यासमवेत काम आरंभिले. पेरुत्झ यांनी हीमोग्लोबिन हाती घेतले होते. केंड्र्यूंनी त्याहून लहान असलेले मायोग्लोबिन निवडले. घोड्याच्या हृदयातील मायोग्लोबिनचे चांगले स्फटिक मिळेनात, तेव्हा त्यांनी देवमाशाच्या मांसाकडे मोर्चा वळविला. त्यापासून मोठे व सुबक स्फटिक तयार झाले.

या स्फटिकांतून क्ष-किरण सोडले असता पटलावर हजारो ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून अणूंच्या जागा गणिताने काढावयाच्या असतात. परंतु नुसत्या ठिपक्यांवरून उत्तर निघत नाही. त्यासाठी पारा, सोने यांसारखे जड अणू रेणूला जोडून पुन्हा चित्रे घ्यावी लागतात आणि दोहोंतील फरक ताडून पाहावा लागतो. हे गणित हाताने करणे अशक्यप्राय होते. त्यासाठी केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या त्या काळच्या संगणकयंत्राचे साहाय्य घेण्यात आले. १९५८ साली मायोग्लोबिनच्या रेणूची पहिली, ढोबळ आकृती प्रसिद्ध झाली, आणि १९६० साली तिचा अधिक सूक्ष्म तपशील पुढे आला. एखाद्या प्रथिनाची त्रिमितीय रचना मानवाने पाहिली, ती प्रथमच. रेणू सुडौल, समप्रमाण असेल अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात निघाली ती आतड्यांच्या वेटोळ्यांसारखी, वेडीवाकडी वळणे घेतलेली साखळी. तिच्या आठ सर्पिल भागांच्या बेचक्यात हीमचा गट सुरक्षित बसलेला होता. हा रेणू इतका सूक्ष्म की, एका मिलिमीटर लांबीच्या रेघेवर असे सव्वादोन लाख रेणू ओळीने मांडता येतील. या कार्याबद्दल केंड्र्यू व पेरुत्झ यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज औषधनिर्मितीसाठी प्रथिनांच्या ज्या असंख्य रचना अभ्यासल्या जातात, त्या परंपरेचा आरंभ या एका रेणूपासून झाला.

लंडनच्या ढिगाऱ्याखाली

केंड्र्यूंचे संशोधन सुरू होण्यापूर्वीच मायोग्लोबिनची दुसरी, भीषण बाजू लंडनमधील डॉक्टरांच्या दृष्टीस पडली होती. १९४० व १९४१ साली त्या शहरावर जर्मन विमानांचे बाँबहल्ले होत होते. कोसळलेल्या घरांखाली हात किंवा पाय दबून काही तास अडकलेल्या माणसांना बाहेर काढून रुग्णालयात आणले जाई. आणतेवेळी त्यांची प्रकृती बरी दिसे. दबलेला अवयव सुजलेला व थोडासा बधिर असे, एवढेच. परंतु काही तासांतच रक्तदाब घसरे. रक्तद्रव देऊन तो सावरला, तरी लघवीचे प्रमाण कमी कमी होत जाई. तिचा रंग गडद होई. रक्तातील युरिया व पोटॅशियम वाढत जाई, आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत रुग्ण अकस्मात दगावे. जखमी अवयव कापून टाकला, तरीही या क्रमात फरक पडत नसे.

बायवॉटर्स व बील या दोघांनी अशा चार रुग्णांचा वृत्तांत मार्च १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी जपानी वैद्य सेइगो मिनामी यांनी १९२३ साली, पहिल्या महायुद्धात ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या सैनिकांविषयी असेच निरीक्षण नोंदविले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. मृतांच्या मूत्रपिंडांची तपासणी केली असता त्यांच्या सूक्ष्म नलिकांत तपकिरी रंगाच्या द्रव्याचे बोळे अडकलेले आढळले. ते द्रव्य म्हणजे चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन होते.

असे का घडते, हे आता पुष्कळसे उलगडले आहे. हीमोग्लोबिनचा रेणू मोठा असतो आणि तो रक्तपेशींच्या आत सुरक्षित राहतो. मायोग्लोबिनचा रेणू त्याच्या चौथाई आकाराचा. रक्तात येताच तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होतो. नलिकांत पाणी कमी असेल आणि लघवी आम्लधर्मी असेल, तर तो तेथे साका धरून बसतो. त्यातील लोह, जे पेशीत प्रथिनाच्या घड्यांनी आवरलेले होते, ते आता मोकाट सुटून नलिकांच्या पेशींना इजा करते. भरीस भर म्हणजे सुजलेल्या स्नायूंत शरीरातील पुष्कळसे पाणी शोषले जाते. त्यामुळे मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताचा ओघ आटतो. दबलेल्या अवयवावरील भार उचलला जाताच हे सर्व एकदम सुरू होते. स्नायूंतून सुटलेले पोटॅशियमही त्याच वेळी हृदयाकडे जाते आणि हृदय बंद पाडू शकते. सुटकेचा क्षण हाच धोक्याचा क्षण ठरतो, तो असा.

परंतु या कथेला आशेची बाजूही आहे. १९८२ साली लेबनॉनमध्ये एक बहुमजली इमारत कोसळली. ढिगाऱ्यात अडकलेल्यांना बाहेर काढतानाच इस्रायली वैद्यकीय पथकाने त्यांना शिरेतून सलाईन देण्यास आरंभ केला आणि पुढेही भरपूर प्रमाणात ते चालू ठेवले. अशा सात रुग्णांपैकी एकाचेही मूत्रपिंड निकामी झाले नाही. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात मात्र शेकडो लोकांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि रक्तशुद्धीकरणाची, म्हणजे डायलिसिसची, साधने अपुरी पडली. त्या अनुभवातून अशा आपत्तींसाठी मूत्रपिंडतज्ज्ञांचे एक आंतरराष्ट्रीय मदतपथक उभे राहिले. १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात ६३९ रुग्णांना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. वेळीच उपचार मिळाले, तर अशा रुग्णांचे मूत्रपिंड बहुधा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागते, ही विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट होय.

आपल्याकडील प्रसंग

भूकंप ही आपल्याला परकी गोष्ट नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा आणि २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप कोण विसरेल? किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. परंतु भूकंपच व्हावा लागतो असे नाही. पावसाळ्यात भिजून ढासळणारी जुनी मातीची भिंत, रस्त्यावर येणारी दरड, चर खणताना आत ढासळणारी माती, वादळात उन्मळून पडणारे झाड, यांपैकी काहीही पुरेसे असते. गोव्यात काणकोण येथे ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली एक इमारत कोसळून अनेक मजूर ढिगाऱ्याखाली सापडले होते, हे पुष्कळांना आठवत असेल.

स्नायूंची नासाडी अन्य कारणांनीही होऊ शकते. विजेचा तीव्र धक्का हे त्यांपैकी एक. समुद्रसर्पाचा दंश हे दुसरे. रापण ओढताना किंवा जाळ्यातील मासळी निवडताना हे साप हाताशी येतात. त्यांच्यापैकी काहींचे विष स्नायूंचा नाश करते. दंशाच्या जागी वेदना फारशा नसतात. पण काही तासांत सर्वांग दुखू लागते, हालचाल जड होते आणि लघवी गडद होते. आपल्याकडे सर्वत्र वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावरील आहे. म्हणून समुद्रसर्प चावलेल्या माणसाला, त्रास नसला तरी, विनाविलंब मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. सवय नसताना भर उन्हात केलेले अतिश्रम, किंवा शिक्षा म्हणून काढावयास लावलेल्या शेकडो उठाबशा, यांनीही हा विकार उद्भवल्याची उदाहरणे आहेत. शाळा, आखाडे व भरतीपूर्व प्रशिक्षणाची केंद्रे चालविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मदतीला धावणाऱ्यांनी काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे अपघात होताच १०८ क्रमांकावर कळवून रुग्णवाहिका मागवावी आणि माणूस दबलेला आहे, हे स्पष्ट सांगावे. दबल्याची वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांच्या दृष्टीने ती फार मोलाची असते.

दुसरी गोष्ट, माणूस नुकताच दबला असेल तर त्याला तत्काळ मोकळे करावे. परंतु तास-दोन तास उलटून गेले असतील, तर भार उचलण्यापूर्वी वैद्यकीय पथक जवळ असणे आणि त्याने आधीच सलाईन सुरू करणे श्रेयस्कर असते. मात्र श्वास कोंडत असेल, रक्तस्राव होत असेल, आग लागली असेल किंवा आणखी काही कोसळण्याची भीती असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता सुटका करावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सुटका झालेला माणूस बोलतो आहे, चालतो आहे, तेव्हा त्याला काही झालेले नाही, असे समजून घरी पाठवू नये. लंडनमधील रुग्णही असेच बरे दिसत होते. हात, पाय किंवा मांडी तासभर जरी दबलेली असेल, तरी त्याला रुग्णालयात न्यावे आणि तेथे त्याच्या लघवीवर लक्ष ठेवण्यास सांगावे. ती कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली, तर ती धोक्याची सूचना होय. प्राथमिक आरोग्य केंद्रातही याची एक साधी खूण मिळू शकते. लघवीच्या रासायनिक पट्टीवर रक्त असल्याचे दिसते, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी आढळत नाहीत, अशा वेळी मायोग्लोबिनचा संशय घ्यावा आणि रुग्णास डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे.

चौथी गोष्ट, दबलेला अवयव चोळू नये, शेकू नये आणि वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांपैकी कित्येक मूत्रपिंडाला अपायकारक असतात.

बांगड्याच्या अंगावरील तांबूस पट्टीपासून आपण आरंभ केला होता. तीच तांबूस छटा मनुष्याच्या लघवीत दिसू लागली, तर स्नायूंचे कोठार फुटले आहे, असे समजावे. अशा वेळी उपाय दूरचा किंवा दुर्मिळ नसतो. मिठाच्या पाण्याची बाटली, ती लावणारा शिकलेला हात आणि या दोन्ही गोष्टी वेळेवर बोलावण्याइतके ज्ञान असलेला शेजारी, एवढे जुळून आले की प्राण वाचू शकतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आरोग्ययंत्रणेच्या हाती आहेत. तिसरी मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे. ग्रामपंचायती, युवक मंडळे, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आणि बांधकामावरील मुकादम यांनी ही माहिती पावसाळ्यापूर्वी आपल्या लोकांना समजावून द्यावी, एवढीच विनंती आहे.